रिपोर्ट म्हणतो रक्त पातळ, डॉक्टर म्हणतात घट्ट: एपीएस आणि मेंदू

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस, या आजाराविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला डिवचते, नको तिथे गुठळ्या होतात आणि सगळ्यात मोठा फटका बऱ्याचदा मेंदूला बसतो. हा आजार १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज यांनी मांडला, म्हणून काही रिपोर्टांवर ‘ह्यूज सिंड्रोम’ असंही लिहिलेलं सापडेल. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: माझं वय ३४. गेल्या महिन्यात डावा हात आणि ओठांची डावी कड पंधरा मिनिटं बधिर झाली, नंतर आपोआप बरं वाटलं. रिपोर्टमध्ये ‘एपीटीटी’ वाढलेला आहे, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतो. तरी डॉक्टर सांगतात की माझं रक्त लवकर गोठतं. दोन्ही खरं कसं असेल?

दोन्ही खरं आहे. एपीटीटी करताना रक्तातल्या पेशी बाजूला काढून उरलेला रक्तद्रव नळीत घेतात, त्यात फॉस्फोलिपिड हे स्निग्ध द्रव्य आणि कॅल्शियम घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. रक्त गोठवणारी प्रथिनं या स्निग्ध पृष्ठभागावर बसूनच काम करतात. तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनवलेली प्रथिनं, तीच जागा अडवून बसतात, म्हणून नळीत उशीर होतो. पण नळीला ना रक्तवाहिनीचं अस्तर असतं, ना तिच्यात प्लेटलेट असतात. शरीरात दोन्ही आहेत, आणि तीच प्रतिपिंडं तिथे अस्तराला आणि प्लेटलेटना चेतवतात. अस्तर एरवी गुळगुळीत असतं, ते चिकट होतं आणि गुठळी धरायला लागते.

या गुणधर्माला ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट’ असं नाव पडलं आहे. इतकं दिशाभूल करणारं नाव वैद्यकात क्वचितच सापडेल. ते ज्यांच्यात आढळतं त्यांतल्या अनेकांना ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, नसतो. अँटिकोॲग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं, पण शरीरात ते रक्त पातळ करत नाही, उलट गोठवतं.

ते नक्की करण्याची चाचणी घोणशीच्या विषावर चालते. हे विष गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट जागं करतं. पातळ केलेलं विष आणि मोजकंच फॉस्फोलिपिड घालून वेळ मोजतात. वेळ लांबली तर निरोगी माणसाचा रक्तद्रव निम्मा-निम्मा मिसळून पुन्हा मोजतात. एखादा घटकच कमी असेल तर या मिश्रणात वेळ सुधारते, प्रतिपिंड आड येत असेल तर सहसा सुधारत नाही. शेवटी फॉस्फोलिपिड भरपूर घालतात. प्रतिपिंडं त्यात गुंतून पडतात आणि वेळ पूर्ववत होते. तिन्ही पायऱ्यांचे आकडे रिपोर्टवर असायला हवेत. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर लॅबकडून आकडे मागून घ्या.

आता त्या पंधरा मिनिटांबद्दल. तो बहुधा टीआयए, म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू होण्याचा प्रकार असावा. आपोआप बरं वाटलं, एवढ्यावर विषय सोडू नका. टीआयएनंतर खरा पक्षाघात येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी आणि हृदयाचा इको झाला नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. इकोचा आग्रह अशासाठी की एपीएसमध्ये हृदयाच्या झडपांवर, विशेषतः मायट्रल झडपेवर, जंतूविना बारीक गाठी जमतात आणि त्यांचे तुकडे सुटून मेंदूत जाऊ शकतात.

प्रश्न: पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टर म्हणतात, १२ आठवड्यांनी पुन्हा करू. इतका वेळ वाया का घालवायचा?

वाया जात नाही. साध्या विषाणूसंसर्गानंतर किंवा काही औषधांमुळे ही प्रतिपिंडं थोड्या काळापुरती वर येतात आणि उतरून जातात. त्यांनी गुठळ्या होतातच असं नाही. म्हणून दोन तपासण्यांत किमान १२ आठवड्यांचं अंतर हवं असं २००६ पासून ठरलेलं आहे. पूर्वी ६ आठवडे पुरेसे मानत, त्यात बऱ्याच लोकांवर आयुष्यभराचा शिक्का उगाच बसायचा.

तपासण्या तीन असतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. शेवटच्या दोन्हींत आयजीजी आणि आयजीएम या प्रतिपिंडांच्या दोन जातींचे दोन आकडे येतात. अँटिकार्डिओलिपिन ४० युनिटांच्या वर असेल तर त्याला वजन आहे. १८ किंवा २२ असा काठावरचा आकडा, त्यातही एकटा आयजीएम, फारसं काही सांगत नाही. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असतील तर धोका सर्वात जास्त.

चुकतं ते रक्त देण्याच्या वेळेत. रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे हेपरिनचं इंजेक्शन, वॉरफेरिनची गोळी किंवा नव्या पिढीच्या गोळ्या, चालू असताना ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी फसते, आणि तापात, म्हणजे सीआरपी हा दाह दाखवणारा आकडा चढलेला असतानाही फसू शकते. बाकीच्या दोन तपासण्यांवर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. म्हणून फॉर्मवर चालू औषध आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला हे लिहा. चाचणीसाठी गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

गुठळी झालेली असेल तर हे १२ आठवडे उपचार थांबत नाहीत. थांबतो तो फक्त ‘आयुष्यभर घ्यायचं’ हा निर्णय.

प्रश्न: एपीएस मेंदूत आणि नसांमध्ये नेमकं काय काय करतो?

सर्वात जास्त दिसतो तो धमनीतल्या गुठळीने येणारा पक्षाघात. पन्नाशीच्या आत, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांपैकी काही नसताना पक्षाघात आला तर ही तपासणी व्हायलाच हवी. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं ही लक्षणं सर्वांना माहीत आहेत. डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं एका डोळ्याने काही मिनिटं न दिसणं, हेही त्याच जातीचं लक्षण आहे. लोक त्यासाठी चष्म्याचा नंबर तपासायला जातात.

दुसरा प्रकार शिरांचा. मेंदूतलं वापरलेलं रक्त ज्या मोठ्या शिरांतून बाहेर पडतं त्या तुंबतात. इथे लकवा पहिल्यांदा दिसत नाही, दिसते डोकेदुखी. काही दिवस वाढत जाणारी, आडवं पडल्यावर किंवा खोकल्यावर जास्त ठणकणारी, सोबत उलटी, धूसर दिसणं, कधी फिट. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे सुटू शकतं. त्यासाठी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा वेगळा फोटो लागतो, आणि तो मागितल्याशिवाय काढला जात नाही.

तिसरा प्रकार गुपचूप चालतो. अगदी बारीक वाहिन्या एकेक करून बंद होतात. कुठलाही मोठा झटका येत नाही, पण लक्ष टिकत नाही, हिशोब चुकतात, आणि वर्षानुवर्षं उपचार झाले नाहीत तर स्मृतिभ्रंशापर्यंत जातं.

याशिवाय फिट, क्वचित हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलणं, म्हणजे कोरिया, आणि त्याहून क्वचित मज्जारज्जूचा दाह. कोरियात एमआरआय बरेचदा स्वच्छ असतो. त्यामुळे सगळं गुठळीनेच होतं असं नाही, प्रतिपिंडं चेतापेशींना थेट छेडत असावीत असं मानतात. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर पहिल्यांदा कोरिया दिसला तर एपीएसची आठवण व्हायला हवी.

मायग्रेनचं काय, असं तीन पत्रांत विचारलं आहे. एपीएसच्या रुग्णांत मायग्रेन बराच आढळतो, पण लोकांतही तो इतका आहे की नुसत्या अर्धशिशीवरून एपीएस ठरत नाही.

प्रश्न: एमआरआयमध्ये पांढरे ठिपके आले. एक डॉक्टर मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात, दुसरे एपीएस. कुणाचं ऐकायचं?

ठिपक्यांवर भांडण सुटत नाही, बाकीच्या खुणांवर सुटतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, यात प्रतिकारशक्ती चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. एमएसचे ठिपके अंडाकृती असतात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना काटकोनात टेकलेले. मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या पट्ट्यात आणि मानेच्या मज्जारज्जूतही सापडतात. पाठीतून काढलेल्या पाण्यात ‘ऑलिगोक्लोनल बँड’ बहुतेकांत मिळतात आणि नवे ठिपके अधूनमधून येत राहतात. एपीएसचे ठिपके बहुधा मेंदूच्या बाहेरच्या सालीच्या लगेच खालच्या भागात विखुरलेले असतात, औषध नीट चाललं तर वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि सोबत एखाद्या रक्तवाहिनीच्या हद्दीतला जुना, पाचरीच्या आकाराचा डाग दिसला तर पारडं एपीएसकडे झुकतं.

मग अंगावर बघायचं. मांड्या आणि हातांवर थंडीत जांभळट जाळीची नक्षी उमटते आणि ऊब मिळाल्यावरही पुसत नाही, ही मोलाची खूण आहे. ही जाळी आणि पक्षाघात यांची जोडी १९६५ पासून स्नेडन सिंड्रोम म्हणून माहीत आहे. जुने कागद काढा: गर्भपात झाले आहेत का, पायात कधी गुठळी झाली होती का, प्लेटलेट लाखाच्या आसपास रेंगाळतात का, आणि कधी व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह आली होती का. ही सिफिलिसची तपासणी कार्डिओलिपिनवरच चालते, त्यामुळे एपीएसमध्ये ती फसते. या एका फसव्या रिपोर्टावरून संसारात वादळं उठतात. खात्री करणारी दुसरी तपासणी निगेटिव्ह आली की विषय संपला, हे घरच्यांनाही सांगा.

उलट बाजूनेही सावध राहा. एमएसच्या काही रुग्णांत ही प्रतिपिंडं थोड्या प्रमाणात मिळतात, त्यामुळे काठावरच्या एका आकड्यावरून एमएसची औषधं बंद करून रक्त पातळ करायला घेणं चूक ठरेल.

प्रश्न: पक्षाघातानंतर वॉरफेरिन सुरू आहे. आयएनआर किती हवा? शेजारच्या काकांना रक्त तपासावं न लागणारी नवी गोळी दिली आहे, तीच मला का नाही?

गोळीचा मुद्दा आधी. तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांवर इटलीत ‘ट्रॅप्स’ हा अभ्यास झाला. ५९ जणांना रिव्हारोक्साबान ही नव्या पिढीची गोळी, ६१ जणांना वॉरफेरिन दिलं. रिव्हारोक्साबानच्या गटात ७ जणांना गुठळीचा आजार झाला, ४ पक्षाघात आणि ३ हृदयविकाराचे झटके. वॉरफेरिनच्या गटात एकालाही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला, निष्कर्ष २०१८ साली आले. तेव्हापासून तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांना किंवा धमनीत गुठळी झालेल्यांना या गोळ्या टाळतात. काकांची गोळी बहुधा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी असेल, तिथे ती उत्तम चालते.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो ते सांगणारा आकडा. गोळी न घेणाऱ्याचा तो १ च्या आसपास असतो. पायातल्या किंवा मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली असेल तर २ ते ३ ठेवतात. धमनीतल्या गुठळीने पक्षाघात आला असेल तर दोन पद्धती आहेत: २ ते ३ ठेवून सोबत ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, किंवा ३ ते ४. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर ठरवतात. आपला आकडा कोणता हे मात्र रुग्णाला तोंडपाठ हवं. १.६ आला की ‘जरासाच कमी आहे’ असं म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका. पुन्हा पक्षाघात येण्याची एक नेहमीची वाट हीच आहे.

आकडा हलतो तो या कारणांनी. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमॉक्झाझोल यांनी तो चढतो. रिफाम्पिसिन आणि कार्बामाझेपिनने उतरतो. कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं की ३ ते ५ दिवसांत आयएनआर करा. जुलाब लागले, जेवण तुटलं, तरी चढतो. पालेभाजी बंद करायची गरज नाही. तिच्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं खरं, पण डोस तुमच्या जेवणाला बेतूनच ठरवलेला असतो. घोळ होतो तो महिनाभर अजिबात न खाता एकदम रोज खाण्याने. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालेल. मात्र तेही रोज २ ग्रॅम किंवा जास्त, असं सलग काही दिवस घेतलं तर आकडा चढवतं.

गोळी रोज ठरलेल्या वेळी, संध्याकाळी घ्या. सकाळी रक्त दिलं तर त्याच दिवशी डोस बदलता येतो. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या. दुहेरी डोस कधीच नाही. डोस बदलल्याचा पुरता परिणाम दिसायला ५ ते ७ दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी आयएनआर करून घाबरण्यात अर्थ नाही.

बोट टोचून घरी आयएनआर दाखवणारं यंत्र एपीएसमध्ये जपून वापरायचं. ल्युपस अँटिकोॲग्युलंट त्या पट्टीवरच्या रसायनाशी झगडतं आणि आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसू शकतो. यंत्र ४.५ म्हणतं, तुम्ही गोळी कमी करता, आणि प्रत्यक्षात आयएनआर २ च्याही खाली असतो. यंत्र घेतल्यावर सुरुवातीला काही वेळा एकाच बैठकीत बोटाचं आणि लॅबमध्ये शिरेतलं रक्त देऊन आकडे शेजारी लिहा. दोन आकड्यांत ०.५ हून अधिक फरक पडत असेल तर यंत्र तुमच्या उपयोगाचं नाही. यंत्रावर ४ च्या वर काहीही आलं तर लॅबमध्ये खात्री करूनच डोसला हात लावा.

प्रश्न: फिट येतात म्हणून कार्बामाझेपिन दिलं आणि आयएनआर वर चढेचना. आता?

कारण वर आलंच आहे: कार्बामाझेपिन यकृताला वॉरफेरिन लवकर संपवायला लावतं. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटॉनचंही तेच. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या औषधाचा असा झगडा नाही, त्याबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा. बदल करायचा ठरला तर तो हळूहळू, आणि त्या काळात आयएनआर दर आठवड्याला. जुनी गोळी सुटली की यकृत पूर्ववत होतं आणि तोच वॉरफेरिनचा डोस दोन-तीन आठवड्यांत जास्त ठरायला लागतो. रक्तस्राव नेमका तेव्हा होतो.

प्रश्न: पक्षाघात कधी आला नाही, पण शब्द आठवत नाहीत, दूध गॅसवर ठेवून विसरते. एपीएसमुळेच का?

असू शकेल. पण आधी सहज सुधारणाऱ्या गोष्टी बघा: थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, झोप, नैराश्य, आणि स्टेरॉइड किंवा फिटची औषधं. मग तीस गुणांची ‘मोका’ ही स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या. २६ च्या खाली गुण आले तर पुढची सविस्तर तपासणी आणि एमआरआय. आजच्या गुणांचा कागद जपून ठेवा, वर्षाने पुन्हा केल्यावर तुलनेला तोच उपयोगी पडतो.

नुसत्या विसराळूपणासाठी, गुठळीचा पुरावा नसताना, वॉरफेरिन सुरू करावं असं आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न: प्रतिपिंडं दोनदा पॉझिटिव्ह आली, पण गुठळी कधीच झालेली नाही. औषध लागेल का?

तिन्ही पॉझिटिव्ह असतील, किंवा ल्युपस अँटिकोॲग्युलंट पुन्हा पुन्हा येत असेल, तर कमी डोसचं ॲस्पिरिन देतात. ल्युपसही असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळ्याच्या पडद्याची ठरलेली तपासणी. वॉरफेरिन नाही.

प्रतिपिंडं ही पहिली ठिणगी, तिला दुसरी मिळाली की भडका उडतो. म्हणून तंबाखू बंद, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत. मोठं ऑपरेशन किंवा प्लास्टर यांच्या आधी डॉक्टरांना सांगा, तेवढ्या काळापुरतं हेपरिन लागू शकतं. गर्भधारणेचा विचार असेल तर तेही आधी बोला. वॉरफेरिन चालू असलेल्या बाईने पाळी चुकताच तपासून घ्यायचं आणि सहाव्या आठवड्याच्या आत हेपरिनवर जायचं, कारण सहा ते बारा आठवड्यांत वॉरफेरिन गर्भाच्या घडणीत बाधा आणतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे मेंदूतल्या शिरांच्या गुठळीसाठी धोक्याचे, त्या काळात हेपरिनची इंजेक्शनं चुकवू नयेत.

प्रश्न: घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं?

चेहरा, हात, बोलणं, नजर किंवा तोल यांत अचानक बदल झाला तर घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, आणि आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते देत नाहीत. अशा वेळी मोठ्या वाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढता येते का ते पाहतात. म्हणून आयएनआरची वही आणि औषधांची यादी सोबत न्या, शक्य असेल तर थेट तार घालण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जा. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर झोपायला गेल्याची वेळ सांगायची, उठल्याची नाही.

ताप, ऑपरेशन किंवा गोळी बंद केल्यानंतर आठवड्याच्या आत एकापाठोपाठ अवयव कुरकुरू लागले, म्हणजे गोंधळलेपणा, लघवी कमी, दम, बोटं काळी पडणं, तर तो ‘कॅटास्ट्रॉफिक एपीएस’ असू शकतो. शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत होतो, पण होतो तेव्हा अतिदक्षता विभागात हेपरिन, स्टेरॉइड आणि रक्तद्रव बदलणं हे एकदमच करावं लागतं. दात काढायचा म्हणून वॉरफेरिन परस्पर बंद केल्याने हे ओढवू शकतं. बहुतेक दात गोळी चालू ठेवूनच काढता येतात, आदल्या दिवशीचा आयएनआर दंतवैद्याला दाखवा.

आणि वॉरफेरिनवरच्या माणसाचं डोकं आपटलं तर तो ‘काही झालं नाही’ म्हणाला तरी सीटी स्कॅन करून घ्या. कवटीच्या आतलं रक्त काही तास, कधी काही दिवस, गुपचूप साठत राहतं. पहिला सीटी स्वच्छ आला तरी डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा माणूस पेंगायला लागला, तर पुन्हा सीटी.